जुनी फोर बाय फोर घेताना: सोमवार ते शनिवारची गाडी आणि रविवारची वाट

अंबड येथे राहणाऱ्या आणि नोकरीसाठी रोज जालन्याला जाणाऱ्या एका सद्गृहस्थांनी विचारले आहे की, 5 लाख रुपयांच्या आत एखादी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, घ्यावी, तिनेच रोजचे येणे-जाणे करावे आणि सुटीच्या दिवशी अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बालाघाटात, गोदाकाठच्या गावांमध्ये फिरावे, हे व्यवहार्य आहे का. त्यांच्यासमोर 3 गाड्या आहेत: छत्रपती संभाजीनगर येथील 2012 ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), नांदेडची 2007 ची मारुती जिप्सी (पेट्रोल) आणि दिल्लीहून आणलेली 2014 ची टाटा सफारी स्टॉर्म फोर बाय फोर (डिझेल). मी गेली अनेक वर्षे याच प्रकारच्या गाड्यांची कामे करीत आलो आहे आणि मराठवाड्याच्या बहुतेक तालुक्यांत अशा गाडीने हिंडलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आपल्या जमिनीविषयी लिहिले पाहिजे, कारण फोर बाय फोरकडून लोक जी अपेक्षा ठेवतात ती बहुधा दुसऱ्या प्रदेशातील चित्रे पाहून तयार झालेली असते. मराठवाड्याचा फार मोठा भाग काळ्या रेगड जमिनीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरच्या नक्षीत अशी घट्ट बसते की दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत रूळ होऊन जातो. अशा वेळी 2 चाकांऐवजी 4 चाके फिरतात, पण फिरतात ती जागच्या जागीच, आणि मडगार्डमध्ये माती भरून चाक अडकते ते निराळेच. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये मोठा पाऊस पडतो, तेव्हा रेगडीतली पाणंद म्हणजे कोणत्याही गाडीची परीक्षा नसून सरळ बंद रस्ता आहे, हे मनात पक्के धरावे. गावातला माणूस अशा दिवशी बैलगाडीसुद्धा काढत नाही. ऊन पडून 2-3 दिवस गेले की तीच वाट उघडते.

मग फोर बाय फोर उपयोगी कुठे पडते? मुरमाच्या निसरड्या चढावर, डोंगरातल्या सुट्या दगडांच्या वाटेवर, ओढ्याच्या वाळूत आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या शिवरस्त्यावर. अजिंठा आणि बालाघाट या दोन्ही रांगा बेसाल्टच्या आहेत, तिथे पाणी लवकर निचरून जाते आणि पाऊस उघडल्यानंतर काही तासांतच वाट चालण्याजोगी होते. या ठिकाणी खरे काम करते ती गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, लो गिअर (गाडी अगदी हळू पण जास्त जोराने चालवणारा वेगळा गिअर) आणि चांगले टायर. चारही चाकांना जोर मिळणे हे त्यानंतरचे. जायकवाडीच्या फुगवट्याची उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळपेराची जमीन मात्र फार फसवी असते. वरून भेगा पडेपर्यंत वाळलेली दिसते आणि खाली वीतभर ओला गाळ असतो. तिथे गाडी हाउसिंगपर्यंत (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीपर्यंत) बसते, आणि तो परिसर पक्षी अभयारण्याचा असल्याने तिथे गाडी घालणे मुळातच योग्य नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, तुमच्या वर्षातल्या 365 दिवसांपैकी फोर बाय फोरचा दांडा (लिव्हर) खरोखर ओढावा लागेल असे दिवस फार तर 20 ते 30 असतील. उरलेले दिवस ही गाडी अंबड-जालना रस्त्यावर, एप्रिल-मेच्या 42 अंशांच्या उन्हात, ट्रकांच्या मागे धूळ खात धावणार आहे. म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न सोमवारचा असावा आणि दुसरा रविवारचा.

रोज 60 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस धरले तर 1,500 किलोमीटर होतात. जिप्सी पेट्रोलवर साधारण 10 चे अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे महिन्याला 150 लिटर. थार किंवा स्टॉर्म चांगल्या अवस्थेत असेल तर 12 च्या आसपास देते, म्हणजे सुमारे 125 लिटर, तेही स्वस्त डिझेलचे. हा फरक दर महिन्याला तुमच्या खिशातून जाणार आहे. जिप्सीवर माझे मनापासून प्रेम आहे. 1985 पासून 2019 पर्यंत भारतात विकली गेलेली ही गाडी वजनाने हलकी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सलची, दुरुस्तीला सोपी आणि डोंगरात अत्यंत विश्वासू आहे. जिथे जड गाड्या रुततात तिथून ती वरच्यावर निघून जाते. परंतु चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा) असल्यामुळे रोजच्या 60 किलोमीटरला ती पाठीला जाणवते, आणि मागच्या आडव्या आसनांवर घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून लांब नेणे बरे नव्हे. त्यातच आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. 2007 च्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपातील रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते, म्हणून ते बदलावे लागतील. घरात रोजच्या कामासाठी दुसरी गाडी असती तर मी जिप्सीच घ्या असे लिहिले असते.

सफारी स्टॉर्म ही तिघींत सर्वांत आरामशीर आणि घाटातून कुटुंबासह जाण्यास सर्वांत योग्य. पण तिच्या बाबतीत मला गाडीपेक्षा कागदांची अधिक काळजी वाटते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम केल्यापासून तिकडच्या अनेक चांगल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. स्वस्त असण्याचे कारण खरे आहे, म्हणून प्रत्येक दिल्लीची गाडी वाईट असे मी म्हणणार नाही. मात्र मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे 28 नंबरचा फॉर्म, विक्रेत्याच्या हातात प्रत्यक्ष असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायची असेल तर इथली नोंदणी घ्यावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. ती रक्कम आधी परिवहन कार्यालयात विचारून किमतीत मिळवली की ‘स्वस्त’ गाडी पुष्कळदा स्वस्त राहत नाही. शिवाय स्टॉर्ममधील फोर बाय फोर बटणावर चालते. त्याची मोटर, तिची वायरिंग आणि कंट्रोल युनिट यांपैकी काहीही बिघडले तर डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि गाडी मागच्या 2 चाकांवरच चालते. ही दुरुस्ती जालन्यात किंवा संभाजीनगरात होईल, पण पाटोद्याला किंवा किनवटला होणार नाही.

थार सीआरडीई ही यांतील मधली वाट आहे. 2010 साली आलेल्या या गाडीत 2,498 सीसीचे, 105 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. रोजच्या रस्त्यावर ते कमी पडत नाही. फोर बाय फोरचा दांडा हाताने टाकायचा असल्याने बिघाडाच्या जागा कमी. महिंद्राचे सुटे भाग आणि ते बसवू शकणारा मेस्त्री मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो, कारण बोलेरो गावोगावी आहे. उणिवाही स्पष्ट सांगतो. जुन्या थारच्या या वर्षाच्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, कापडी छतातून धूळ आत येते आणि पायाखालचा पत्रा, दाराचे बिजागर, काचेची चौकट या ठिकाणी गंज धरतो. छत आणि दारे पक्की करून घेतलेली असतील तर धुळीचा प्रश्न बराच कमी होतो.

तुम्ही विचारले नाही, तरी एक चौथे नाव सुचवतो. 2009 नंतरची, एमहॉक इंजिनाची स्कॉर्पिओ फोर बाय फोर मिळाली तर ती अवश्य पाहावी. तुमच्या गरजेला माझ्या मते तीच सर्वांत जवळची आहे: बंद गाडी, चांगले वातानुकूलन, वरच्या प्रकारांत एअरबॅग आणि एबीएस, आणि सुटे भाग सर्वत्र. अडचण एवढीच की फोर बाय फोर स्कॉर्पिओ बाजारात कमी येतात आणि साध्या गाडीवर मागे ‘4 डब्ल्यूडी’ची पट्टी चिकटवून विकणारेही भेटतात. गाडीखाली वाकून पुढच्या बाजूला हाउसिंग आणि तिच्याकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर अ‍ॅक्सलकडे नेणारी फिरती नळी) आहे का, हे डोळ्यांनी पाहावे.

आणि इथेच मला या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिहायची आहे. जुन्या फोर बाय फोरची किंमत तुम्ही ज्या यंत्रणेसाठी देता, ती यंत्रणा चालते की नाही हे बहुसंख्य ग्राहक तपासतच नाहीत. इंजिन ऐकतात, रंग पाहतात, टायर दाबून पाहतात, रस्त्यावर एक फेरी मारतात. आणि डांबरी रस्त्यावरची फेरी पुढच्या अ‍ॅक्सलविषयी काहीच सांगत नाही. या धंद्यात नवा असताना मी स्वतः एक जुनी जीप घेतली होती. दांडा पडत होता, दिवा लागत होता, विक्रेता भला वाटत होता. पहिल्या पावसानंतर बालाघाटातल्या एका मुरमाड चढावर ती मागच्या चाकांवर घसरत राहिली तेव्हा गाडी खाली घेऊन पुढची हाउसिंग उघडली, तर आत क्राउन आणि पिनियन, म्हणजे चाकांकडे जोर वळवणारे मुख्य गिअरच, नव्हते. आधीच्या कुणीतरी ते काढून रिकामी हाउसिंग परत बंद केली होती. अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवणारे मालक तर पुष्कळ असतात, आणि तो शाफ्ट पुढे कुठे गेला हे त्यांनाही आठवत नाही. त्या दिवसापासून मी कोणतीही गाडी पुढचे चाक उचलल्याशिवाय पास केलेली नाही.

ती परीक्षा सोपी आहे, सपाट जागी 20 मिनिटांत होते. मागच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवावे आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे. गाडी टू व्हीलमध्ये असताना ते चाक हाताने फिरले पाहिजे. आता फोर बाय फोरचा दांडा टाकावा, गिअरमध्ये ठेवावे आणि जिप्सीसारखी गाडी असेल तर दोन्ही चाकांचे हब (चाक अ‍ॅक्सलशी जोडणारे मधले भाग) हाताने लॉक करावेत. यानंतर तेच चाक फिरवू पाहिले तर थोडीशी ढिलाई वगळता ते फिरता कामा नये. फिरत राहिले तर हब, शाफ्ट किंवा आतला गिअर यांपैकी काहीतरी जागेवर नाही. मग दुसऱ्या चाकावर हेच करावे. ज्या गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल व्हॅक्युमवर किंवा विजेवर जोडला जातो त्यांत इंजिन बंद असताना ही जोडणी होत नाही, म्हणून त्यांची पारख चालत्या गाडीवरच करावी लागते. त्यासाठी मुरमाचे किंवा सुट्या मातीचे मैदान गाठावे, फोर व्हील टाकून हळू चालवावे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवावे. गाडी जणू कुणी मागून धरली आहे अशी अडखळत वळली, तर पुढची चाके जोर घेत आहेत. अगदी मोकळी वळली तर शंका घ्यावी. ही चाचणी डांबरावर करू नये. अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, वळणावर दोन्हींना वेगळा वेग हवा असतो, आणि कोरडे डांबर चाकाला घसरू देत नाही. तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) आणि शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यांवर, येतो. याच कारणाने घेतल्यानंतरही ‘पावसात पकड चांगली’ म्हणून जालना रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवण्याची सवय लावून घेऊ नये.

लो गिअर निराळा तपासावा. डिझेल गाडी लोच्या पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकली पाहिजे आणि हातभर उंचीचा बांध तशीच चढली पाहिजे. दांडा आपोआप बाहेर पडत असेल किंवा लोमध्ये किरकिर येत असेल तर ट्रान्सफर केस उघडावी लागेल, आणि ते काम स्वस्त नाही. त्यानंतर ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाउसिंगचे ऑइल थोडे काढून बोटांवर घ्यावे. ताकासारखे पांढरट असेल तर कधीतरी पाणी शिरलेले आहे. चमचमणारे कण असतील तर दाते झिजत आहेत. प्रोपेलर शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून पाहावा. थारच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरचे रबरी बूट फाटले असतील आणि पूर्ण वळणावर कटकट आवाज येत असेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. जिप्सीत पुढच्या नकलच्या (चाक जिथे वळते त्या सांध्याच्या) सीलमधून ऑइल गळते का, आणि 50-60 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते का, हे पाहावे. थरथर बहुधा किंग पिनच्या बेअरिंगची किंवा टाय रॉडच्या टोकांची असते.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते पाहणारा चांगला मेस्त्री तुमच्याकडे असेलच. सकाळी, बॉनेट हाताला थंड लागत असतानाच गाडी सुरू करायला लावावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने येणारी वाफ, कूलंटवर तेलाचा तवंग, यांपैकी एकही दिसले तर पुढचा विचार सोडून द्यावा. मराठवाड्यात एक तपासणी मात्र आवर्जून करावी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतले जाते. रेडिएटरच्या तोंडाशी पांढरा-तपकिरी थर दिसला तर आतल्या नळ्याही तशाच आहेत असे समजावे, आणि अशी गाडी मेमध्ये एसी लावून घाट चढताना हमखास तापते. गंजाच्या बाबतीत आपला कोरडा मुलूख भाग्यवान आहे. एमएच 20 ते 26 मधल्या गाडीची चेसिस बहुधा धड असते. कोकण किंवा मुंबईकडून आलेली गाडी असेल तर पाटे जिथे चेसिसला जोडतात तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावे. वर नवा काळा रंग मारलेली चेसिस दिसली तर जास्तच जोराने टोचावे.

कागदांत आर.सी.वरचा चेसिस नंबर प्रत्यक्ष चेसिसवरच्या नंबराशी ताडून पाहावा, बँकेचा बोजा उतरलेला आहे का ते पाहावे आणि नोंदणीची मुदत पाहावी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते, पुढे दर 5 वर्षांनी पासिंग करून वाढवावी लागते. 2012 ची थार 2027 मध्ये या टप्प्यावर येते, आणि जिप्सी तो टप्पा ओलांडून गेलेली आहे. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले, त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. रकमेपेक्षा महत्त्वाचे असे की त्या वेळी गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी असावी लागते. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत केलेला बदल मान्य होणार नाही असा निर्णय दिलेला आहे. म्हणून दुसरेच इंजिन बसवलेली, प्रचंड टायर आणि पुढे लोखंडी गार्ड लावलेली जीप कितीही देखणी वाटली तरी रोजच्या वापरासाठी घेऊ नका. ती पासिंगला अडेल आणि अपघात झाला तर विम्यालाही अडेल.

पैशांची आखणी अशी करावी की 5 लाखांतले किमान 1 लाख गाडीच्या किमतीत जाऊ नयेत. जुनी फोर बाय फोर कितीही चांगली मिळाली तरी सर्व ऑइले, फिल्टर, पट्टे, पाइप, ब्रेक आणि टायर यांचा खर्च पहिल्या 3 महिन्यांत येतोच. टायर पाचही एकाच मापाचे आणि शक्यतो एकाच झिजेचे असावेत, कारण व्यास वेगवेगळे असले की फोर व्हीलमध्ये यंत्रणेवर सतत ताण राहतो. टायरच्या बाजूवरचे शेवटचे 4 आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी 6-7 वर्षांचा टायर आपल्या उन्हात कडक झालेला असतो आणि बेसाल्टच्या धारदार दगडावर त्याची बाजू फाटते. तुमच्या वापराला ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर पुरेसे आहेत. खोल नक्षीचे मड टायर रोज 60 किलोमीटर डांबरावर आवाज करतील, लवकर झिजतील, आणि रेगडीत तरीही भरतीलच.

सोबत हवा भरायचा छोटा पंप, ओढण्याचा पट्टा आणि फावडे असू द्यावे. वाळूत टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली की पुष्कळदा फोर बाय फोरचीही गरज पडत नाही, पण डांबरावर येण्याआधी ती परत भरलीच पाहिजे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर खोली कितीही कमी वाटो, थांबावे. वाहते पाणी गाडीला खालून उचलते आणि त्यापुढे किती चाकांना जोर आहे याला अर्थ उरत नाही. गौताळा-औट्रम घाट किंवा नायगाव मयूर अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीने आणि ठरलेल्या रस्त्यानेच जावे. पाणंदीने जाताना पेरलेल्या रानात चाक घालू नये. शेतकऱ्याला विचारले तर तो बहुधा स्वतः पुढे येऊन वाट दाखवतो, आणि त्याच्याइतकी त्या मातीची पारख आपल्याला कधीच असणार नाही.

तेव्हा माझे मत असे: स्कॉर्पिओ फोर बाय फोर शोधण्यासाठी 2-3 महिने द्या. ती मिळाली नाही तर संभाजीनगरची थार, तिचा पायाखालचा पत्रा आणि पुढचा अ‍ॅक्सल वर लिहिल्याप्रमाणे तपासून, घ्या. दिल्लीची स्टॉर्म 28 नंबरचा फॉर्म हातात आल्यावरच पाहा. आणि कोणतीही घेतली तरी पावसाळा असो वा नसो, महिन्यातून एकदा मुरमाच्या रस्त्यावर 3-4 किलोमीटर फोर व्हील टाकून चालवा, लोही एकदा टाका. महिनोन्महिने न हललेला दांडा गरजेच्या दिवशी अडकून बसतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सील कोरडे पडून गळू लागतात.